लुसीची पानं

[दृश्य : टेबलावर जाडजूड वही. पानं उलटणारे हात.]

आधी पुस्तक उसवायचं. पान न् पान सुटं करायचं. मग मोठ्या कोऱ्या कागदाला मधोमध चौकोनी खिडकी कापायची आणि त्या खिडकीत पुस्तकाचं पान चिकटवायचं. असं केलं की पान दोन्ही बाजूंनी वाचता येतं आणि भोवती लिहायला भरपूर समास मिळतो. नाटकवाले प्रयोगासाठी अशी वही बांधतात. नाटकाचं शिक्षण घेतलेल्या सिनेदिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलाने सिनेमा करण्यासाठी तशी वही मारिओ पुझोच्या ‘द गॉडफादर’ या कादंबरीची बांधली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅफे त्रिएस्तेमध्ये बसून तो समासात लिहीत राहायचा. कुठला प्रसंग ठेवायचा, कुठला सोडायचा, कुठे घसरायची भीती आहे.

ही वही २०१६ साली छापूनही आली. पण कादंबरी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा कपोलाला ती रुचली नव्हती. थोडी पानं वाचून त्याने ती बाजूला ठेवली होती. त्याला सगळ्यात जास्त खटकलं ते लुसी मॅन्चिनीचं उपकथानक.

आपल्यापैकी बहुतेकांनी सिनेमा आधी पाहिला, पुस्तक नंतर वाचलं. म्हणून लुसीची पानं आली की आपण बुचकळ्यात पडतो. ही बाई इतकी महत्त्वाची कधी झाली? मीही पहिल्या वाचनात ती पानं भराभर उलटली होती. सिनेमापुरता हा प्रश्न १९७२ सालीच मिटला, कपोलाने ते उपकथानक घेतलंच नाही. कादंबरीपुरता मात्र तो अजून शिल्लक आहे. कारण टोळीयुद्धाच्या खाली ही गाव सोडून आलेल्या माणसांची कादंबरी आहे आणि तिच्यात कुठलं प्रकरण शोभतं, हे त्या माणसांकडे बघूनच ठरवायला हवं.

[दृश्य : न्यूयॉर्कच्या टेन्थ अव्हेन्यूचे जुने फोटो. भर रस्त्यात रूळ.]

मारिओ पुझोचा जन्म १९२० सालचा, न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला. आईवडील दक्षिण इटलीतले, आवेलिनो प्रांतातल्या पिएत्रादेफूझी गावचे. १८८० नंतरच्या चार दशकांत चाळीस लाखांच्या आसपास इटालियन माणसं अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली, त्यात बहुतेक दक्षिणेकडची. त्यातलंच हे एक घर. वडील न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेत गँगमन. मारिओ बारा वर्षांचा असताना वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं आणि सात मुलांचा संसार एकट्या आईच्या अंगावर पडला.

त्या काळी टेन्थ अव्हेन्यूवरून मालगाड्या भर वस्तीतून जायच्या. गाडीच्या पुढे घोड्यावर एक स्वार, हातात लाल निशाण, लोकांना बाजूला करत चाललेला. तरी माणसं रुळांखाली यायचीच. लोक त्या रस्त्याला मृत्यूचा रस्ता म्हणायचे.

याच रस्त्यावर पुझोने १९६५ साली आपली दुसरी कादंबरी उभी केली, ‘द फॉर्च्युनेट पिलग्रिम’. त्याला लिहायची होती स्वतःची गोष्ट. पण लिहिता लिहिता आईने पुस्तक ताब्यात घेतलं. लुचिया सांता नावाची ती बाई पहिल्या पानापासून शेवटपर्यंत घर ओढत नेते. जाणकारांनी वाखाणली, पण विकली गेली नाही. पहिल्या दोन कादंबऱ्यांचे मिळून त्याला साडेसहा हजार डॉलर मिळाले. वय पंचेचाळीस, अंगावर वीस हजारांचं कर्ज. नातेवाईक, बँका, सट्टेवाले, सगळ्यांचं. एक संपादक म्हणाला, या पुस्तकात माफियाचं आणखी थोडं असतं तर चाललं असतं.

मग पुझोने माफियाचंच लिहिलं. उचल मिळाली पाच हजार डॉलर. कुठल्याही खऱ्या गुंडाला तो कधी भेटला नव्हता. मार्च १९६९ मध्ये कादंबरी आली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत ६७ आठवडे राहिली. पेपरबॅकचे हक्क चार लाख दहा हजार डॉलरना गेले. त्याने आईला ही बातमी दिली. तिला ऐकू आलं, चाळीस हजार. त्याने पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी खरा आकडा कानात शिरला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, कुणाला सांगू नकोस.

याच पुझोने पुढे लिहून ठेवलंय, की डॉनने, म्हणजे कादंबरीतल्या माफिया कुटुंबाचा प्रमुख व्हिटो कॉर्लिओने याने, तोंड उघडलं की त्याला मनात आईचा आवाज ऐकू यायचा.

मला मोजपट्टी म्हणून हेच वाक्य हवं आहे.

[दृश्य : कादंबरीची जुनी प्रत. तिसऱ्या भागाचं पहिलं पान.]

कादंबरीचे नऊ भाग. तिसरा भाग एकाच प्रकरणाचा. चालू असलेलं टोळीयुद्ध तिथे लेखक चक्क सोडून देतो आणि बारा वर्षांच्या व्हिटोला सिसिलीतून बोटीत बसवतो. ज्याला फक्त पुढे काय झालं हे हवंय, त्याला हे आडवळण वाटेल. माझ्या लेखी हे कादंबरीचं काळीज आहे.

एक छोटी गोष्ट बघा. १९७४ च्या ‘द गॉडफादर पार्ट टू’ या सिनेमात बंदरावरचा कारकून चुकून मुलाच्या नावापुढे गावाचं नाव लिहितो आणि तो कॉर्लिओने होतो. दृश्य सुंदर आहे, पण पुझोने तसं लिहिलेलं नाही. कादंबरीतला व्हिटो स्वतःहून ते नाव घेतो, गावाशी काहीतरी धागा राहावा म्हणून. सिनेमात नाव त्याला चिकटतं. कादंबरीत आईबापाविना आलेलं पोर आपलं गाव नावात बांधून घेतं.

आणि तो राहतो कुठे? सिनेमा त्याला लिटल इटलीत नेतो. कादंबरीत तो नाइन्थ अव्हेन्यूवरच्या किराणा दुकानात राबतो आणि लग्नानंतर टेन्थ अव्हेन्यूवर खोली घेतो. ही लेखकाचीच आळी. पुढे दुकानातलं काम सुटतं आणि तो रेल्वेत मजुरीला लागतो. मुकादम आयरिश आणि अमेरिकन, तोंडाने शिवराळ. व्हिटो दगडासारखा चेहरा ठेवून ऐकतो, जणू काही कळतच नाही. इंग्रजी त्याला चांगलं कळत असतं. रुळांवर काम करणाऱ्या बापाच्या मुलाने लिहिलेलं ते वाक्य आहे. मला तिथे थांबावंच लागतं.

[दृश्य : रिकामा रंगमंच, मायक्रोफोन.]

आता जॉनी फोंटेन. गाणारा, हॉलिवूडमध्ये गेलेला, आवाज बसलेला. त्याची प्रकरणं लांबलीत, हे कबूल. सिनेमाचे करार, पार्ट्या, नट्या, यातलं निम्मं गेलं तरी चालेल. पण जॉनीबरोबर निनो येतो आणि निनोसाठी मी ती पानं राखेन. दोघं एकाच वस्तीत वाढलेले, एकत्र गायलेले. एक मोठा झाला, दुसरा ट्रक चालवत राहिला. डॉनच्या मुलीच्या लग्नात निनो मेंडोलिन घेऊन गातो तेव्हा सगळं अंगण त्याच्याबरोबर असतं. पुढे जॉनी त्याला हॉलिवूडला नेतो, पैसा देतो, नाव देतो, आणि निनो दारू पिऊन पिऊन मरतो. वस्तीतून उचललं ते झाड नव्या मातीत धरलंच नाही. परदेशी गेलेल्या घरांमध्ये असा एखादा निनो असतोच. या प्रकरणांत गोळी नाही, सूड नाही, तरीही ती इथलीच आहेत.

[दृश्य : वाळवंटातलं शहर, रात्रीचे दिवे.]

आणि लुसी.

लुसी डॉनच्या मुलीची करवली. डॉनचा थोरला मुलगा सनी याची प्रेयसी. सनी मारला गेल्यावर कुटुंब तिला लास वेगासला पाठवतं, तिथल्या हॉटेलात थोडा हिस्सा तिच्या नावे करतं. पाचव्या भागात सनीच्या मृत्यूनंतर आपण तिच्याकडे जातो. तिथे ज्यूल्स सीगल हा डॉक्टर तिच्या आयुष्यात येतो, तिच्या शरीरातली एक अडचण ओळखतो, शस्त्रक्रिया होते, ती सुखी होते. याच डॉक्टरमुळे जॉनीचा गळाही बरा होतो, म्हणजे कथेला तो लागतो.

तिची बाजू घ्यायला माझ्याकडे एक चांगलं कारण होतं. या कादंबरीत वस्तीतली, रीतीभातीत वाढलेली एक मुलगी कुटुंबाच्या नजरेपासून इतकी लांब जाऊन राहते, ही केवढी मोठी शक्यता आहे! मी ते प्रकरण याच आशेने पुन्हा वाचलं. पण तिथे लुसी बोलत नाही. डॉक्टर बोलतो, समजावतो, बरं करतो. एका परक्या शहरात एकट्या इटालियन मुलीला रविवारी काय वाटतं, घरच्यांना ती काय सांगते, यातलं माझ्या हाती काही लागलं नाही.

पुझोला हे जमत नव्हतं म्हणावं, तर तेही खरं नाही. लुचिया सांताची मोठी मुलगी ऑक्टेव्हिया आठवा. तिला शिक्षिका व्हायचंय, सुखी व्हायचंय, आणि आईला तिचं हे सुखाच्या मागे लागणं समजतच नाही. स्वयंपाकघरात दोघींची जुंपते तेव्हा दोघीही बरोबर वाटतात. ती मुलगी पुढे एका ज्यू कवीशी लग्न करते. चार वर्षांपूर्वी याच हाताने हे लिहिलं होतं. लुसी हे नाव तरी काय आहे? लुचियाचंच अमेरिकन रूप. म्हणून वाईट वाटतं. लुसी या कादंबरीत हवीच होती. ही पानं नको होती.

आपल्या देणग्यांना साजेसं आपण हे पुस्तक लिहिलं नाही, असं पुझो स्वतःच म्हणून गेला. मला वाटतं, ते या पानांना सगळ्यात जास्त लागू पडतं.

[दृश्य : पहाटेचं चर्च. मागच्या बाकावर दोन स्त्रिया.]

एक प्रकरण राहिलं, शेवटचं. सिनेमा संपतो तो डॉनचा धाकटा मुलगा मायकेल याची बायको के हिच्या तोंडावर दार बंद होतं तिथे. कादंबरी पुढे जाते. के मुलांना घेऊन न्यू हॅम्पशायरला माहेरी निघून जाते, परत येते, कॅथलिक होते. कधीच इटालियन नसलेली ती बाई रोज सकाळी सासूबरोबर चर्चला जायला लागते. सासू नवऱ्याच्या आत्म्यासाठी तिथे जाते, तो जिवंत होता तेव्हाही जात होती. जुन्या गावातून आलेली ही एवढीच गोष्ट घरात जशीच्या तशी उरलीय, आणि ती आता परक्या सुनेच्या हाती आली आहे.

दोघी शेजारी गुडघे टेकतात. एकीच्या ओठांवर व्हिटोचं नाव, दुसरीच्या मायकेलचं.