साहेबांना विचारायचं कुणी?

नमस्कार श्रोतेहो.

"साहेबांचा मूड कसा आहे आज?" केबिनबाहेर बसलेल्या शिपायाला हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच. शिपाई नुसती मान हलवतो आणि आणलेली फाईल तशीच परत जाते. त्या फायलीत काय होतं, हे साहेबांना त्या दिवशी कळत नाही.

वरच्या माणसावर ताण आला की त्याचे निर्णय का चुकतात, याविषयी आज बोलायचं आहे. त्याचं डोकं तापतं, रक्तदाब वाढतो, हे आपण जाणतोच. मला मात्र त्याच्या आजूबाजूची माणसं गप्प होतात, ही गोष्ट जास्त घातक वाटते. आणि हे किती महागात पडू शकतं, ते विमानवाहतुकीच्या इतिहासात नोंदलेलं आहे.

२७ मार्च १९७७. अटलांटिक महासागरातली स्पेनची कॅनरी बेटं. ग्रान कॅनेरियाच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला आणि तिकडे निघालेली विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोडिओस या छोट्या विमानतळाकडे वळवली गेली. त्यांत दोन जंबो जेट, म्हणजे बोइंग ७४७ विमानं होती, एक डच केएलएमचं आणि एक अमेरिकन पॅन अ‍ॅमचं. केएलएमचे कॅप्टन होते याकोब फेल्डहाउझेन फान झान्टेन. कंपनीच्या ७४७ विमानांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचाच फोटो असायचा. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची ७४७ची परीक्षा थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनीच घेतली होती.

तीन तासांहून जास्त वेळ विमान जमिनीवर अडकून होतं. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम हॉलंडमध्ये नुकतेच कडक झाले होते. उशीर झाला असता तर परतीचं उड्डाण रद्द, शेकडो प्रवाशांची रात्रीची सोय करायची, सगळं वेळापत्रक कोलमडलेलं. त्यात डोंगरावरून ढग उतरू लागले आणि धावपट्टी दिसेनाशी झाली. कॅप्टनच्या मनात एव्हाना एकच गोष्ट उरली असावी: निघायचं.

ताणाखाली मन असंच आक्रसतं. शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, लक्ष एका बिंदूवर एकवटतं. समोरून बैल धावून आला तर हे उपयोगाचं. पण चार बाजूंचा विचार करून ठरवायचं असेल, तेव्हा कपाळामागच्या मेंदूचं काम नेमकं मंदावतं आणि जुनी सवय पुढे येते. फान झान्टेन यांचा बराच काळ सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, शिकवण्यात जात असे. तिथे उड्डाणाची परवानगी शिक्षकच देतो, विमानतळाच्या नियंत्रण टॉवरची वाट बघावी लागत नाही. चौकशी अहवालानंही या गोष्टीची दखल घेतली आहे.

विमान धावपट्टीच्या टोकाला वळताच कॅप्टननी इंजिनांचा जोर वाढवला. सहवैमानिक म्हणाला, थांबा, परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन थांबले, म्हणाले, माहीत आहे मला, विचार. टॉवरनं उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. ती निघण्याची परवानगी नव्हती. सहवैमानिक तो मार्ग वाचून दाखवत असतानाच कॅप्टन म्हणाले, "निघतोय आपण." दुसऱ्यांदा अडवायला सहवैमानिकाची जीभ वळली नाही. धुक्यात त्याच धावपट्टीवर समोरून पॅन अ‍ॅमचं विमान येत होतं. "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत," असं त्यांनी सांगितलं, पण त्याच क्षणी टॉवरही बोलत होता आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज तेवढा पोहोचला.

मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला मात्र शंका आली. त्यानं विचारलं, ते पॅन अ‍ॅम बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाले, झालं की! तो पुन्हा काही बोलला नाही. काही सेकंदांत टक्कर झाली. ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानातलं एकही माणूस वाचलं नाही.

श्रोतेहो, त्या कॉकपिटमधल्या तिघांपैकी दोघांना धोका जाणवला होता. ज्ञान तिथेच होतं, दोन हातांवर. मला या अपघातातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. कॅप्टन वाईट होते, उर्मट होते, असं म्हणून आपण सुटू शकत नाही. ते अत्यंत कुशल होते, आणि म्हणूनच त्यांना दुसऱ्यांदा विचारणं अवघड होतं.

पुढे १९७९मध्ये नासानं या विषयावर कार्यशाळा घेतली. १९८१पासून अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सनं वैमानिकांना वेगळंच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली: कनिष्ठानं शंका स्पष्ट बोलायची, उत्तर पटलं नाही तर पुन्हा बोलायची आणि कॅप्टननं ती मागून घ्यायची. आज भारतातल्या वैमानिकांनाही हे प्रशिक्षण सक्तीचं आहे.

त्याचा कस लागला १९ जुलै १९८९ला. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या डीसी-१० विमानाचं शेपटीकडचं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. विमान वळवायला, वरखाली करायला काहीच उरलं नाही. कॅप्टन अल हेन्स यांच्यावरचा ताण कल्पनेपलीकडचा होता. प्रवाशांमध्ये कंपनीचेच एक प्रशिक्षक वैमानिक, डेनी फिच, बसले होते. त्यांनी मदत देऊ केली आणि हेन्सनी त्यांना आत घेतलं. फिच यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सांभाळलं. वाटेतल्या सू सिटी विमानतळावर उतरायचं ठरलं. तिथल्या टॉवरनं कुठल्याही धावपट्टीवर उतरा म्हटल्यावर हेन्स हसून म्हणाले, म्हणजे धावपट्टीच पाहिजे म्हणता! त्या हसण्यानं आतल्या माणसांची तोंडं मोकळी राहिली असणार, असं मला मनापासून वाटतं. विमान उतरताना कोसळलंच. ११२ जण दगावले. पण २९६पैकी १८४ वाचले, आणि हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की हे एकट्या कॅप्टनचं काम नव्हतं.

विमान आपल्यापैकी फार थोडे चालवतात. पण पूर आला असताना तहसीलदार, ऑपरेशन थिएटरमधले सर्जन, निकालाच्या आदल्या रात्री मुख्याध्यापक, हप्ता थकलेला घरचा कर्ता माणूस, या सगळ्यांचा ताण त्याच जातीचा असतो. अशा वेळी "काही शंका असेल तर सांगा" एवढं म्हणून भागत नाही, कारण चिडलेल्या माणसाला कुणीच शंका सांगत नाही. रीतच आधी घालून ठेवावी लागते. आपल्या सैन्याच्या कोर्ट मार्शलमध्ये मत घेण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून होते. वरिष्ठ आधी बोलला की खालचे त्याच्याच मताकडे झुकतात, हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या बैठकीत किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये हे करायला ना पैसा लागतो ना परिपत्रक. अध्यक्षांनी आपलं मत शेवटी सांगायचं, आणि सगळ्यात नवीन माणसाला पहिल्यांदा विचारायचं.