चिवड्याच्या डब्यातली टेप

श्रोतेहो, नमस्कार.

माझं आयुष्य आवाज कापण्यात गेलं. ऐकायला जरा खाटकासारखं वाटतं, पण धंदा साधा आहे. कुणी बोलतं, कुणी गातं, आम्ही ते मुद्रित करतो आणि मग त्यातलं नको ते काढून टाकतो. हे काम मी १९८६ साली आपल्या नाशकात शिकलो. जुन्या तांबट आळीजवळ एक वाडा होता, त्याच्या माडीवरच्या खोलीत. भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकलेले. शिकवणारे आमचे काका. माझ्या नात्यातले नव्हेत, पण सगळी आळीच त्यांना काका म्हणायची.

आळीत दिवसभर तांब्या-पितळेवर हातोड्या पडत असायच्या. त्यामुळे आमच्या ध्वनिमुद्रणाचा मुहूर्त तांबट काढायचे. दुपारी ते भाकरी खायला बसले की ठोके थांबायचे, तेवढ्या तासाभरात भजनी मंडळाचं गाणं उरकायचं. पखवाजवाला उशिरा आला की दिवस वाया. आज तेच ठोके संगणक दोन मिनिटांत बरेचसे पुसून देतो. सोय मोठी आहे, पण त्यामुळे हल्ली खिडकी बंद करायचीही कुणी तसदी घेत नाही.

कापायचो कसं, ते सांगतो. टेप पाव इंच रुंदीची. यंत्रातून ती सेकंदाला साडेसात इंच पळायची, म्हणजे एका सेकंदाचा आवाज १९ सेंटिमीटर लांब. अक्षरशः फूटपट्टीने मोजता यायचा. दोन्ही स्पूल, म्हणजे टेपची रिळं, हातांनी मागेपुढे हलवायची, मग बोलणारा माणूस रेड्यासारखा घोगरा, संथ ऐकू यायचा. त्या घोगरेपणात शब्दाची सुरुवात शोधायची. सापडली की टेपच्या पाठीवर पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने खूण. मग टेप ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातल्या खाचेत बसवायची आणि ब्लेड चालवायचं. ठोकळ्यावरची फट तिरपी असते, ४५ अंशांत. सरळ कापलं तर जोडावर 'टक्' असा आवाज येतो. तिरपं कापलं की पहिला आवाज सरत जातो आणि दुसरा त्यात चढत येतो. हा सगळा प्रकार सेकंदाच्या तिसाव्या भागात होतो, तरी कानाला तेवढं पुरतं. शेवटी मागून पांढरी चिकटपट्टी, ती नखाने घासून बसवायची. झाला जोड.

कुठे कापायचं याचे काकांचे नियम होते. 'स'च्या आधी कापलं तर जोड लपतो, 'म'च्या मध्ये कापलं तर लपत नाही. आणि दोन वाक्यांमधला श्वास शाबूत ठेवायचा. "श्वास कापलास की माणूस मेला," असं ते म्हणायचे, आणि मी श्वास कापला असेल तर तो तुकडा शोधून परत जोडायला लावायचे.

तुम्ही विचाराल, आधी एक प्रत काढून ठेवायची, मग हवं तसं कापायचं, यात अडचण काय? अडचण अशी की टेपवरून टेप उतरवली की खरखर वाढते. पहिल्याच प्रतीत ती साधारण तीन डेसिबलने चढते. शिवाय कोरं स्पूल फुकट येत नव्हतं. त्यामुळे ब्लेड चालायचं ते मूळ टेपवर. कापण्याआधी काका तोच भाग दहा-बारा वेळा ऐकायचे, मग हात मांडीवर ठेवून नुसते बसायचे. मला वाटायचं, पेंगतायत.

१९८८ साली दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यात आम्ही जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. ऐंशीच्या घरातली आजी होती. तिने वीस-बावीस ओव्या म्हटल्या, मध्येच थांबली, खोकली, आणि यंत्राकडे बघून म्हणाली, "चालू हाय का रं बाबा ह्ये?" माडीवर आल्यावर मी ते वाक्य कापलं. ओव्यांच्या कॅसेटमध्ये त्याचं काय काम? काका त्या दिवशी नव्हते. मी विचार केला, कापलं, जोडलं, तुकडा जमिनीवर पडला.

दोन वर्षांनी आजीचा नातू माझा पत्ता काढत आला. आजी गेली होती. म्हणाला, ओव्या आमच्याकडे आहेत, त्या गावात सगळ्याच बाया म्हणतात. ती नुसती बोललीय असं काही आहे का तुमच्याकडे?

नव्हतं.

ही गोष्ट माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्ही टेपचं एवढं कौतुक करता. संगणकावर कापलं असतं तर मूळ फाइल तशीच राहिली असती, नातवाला वाक्य दोन मिनिटांत मिळालं असतं." बरोबर आहे तिचं. संगणकावर आपण कापतो तो नकाशा, जमिनीला धक्का लागत नाही. ब्लेडमुळे माझा निर्णय पक्का झाला, शहाणा काही झाला नाही.

आणि टेप म्हणजे जुनी कडक शिस्त, हेही अर्धंच खरं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर गायल्या तेव्हा कापण्याजोडण्याचा प्रश्नच नव्हता. तीनेक मिनिटांत गाणं बसवायचं, शेवटी आपलं नाव पुकारायचं, आणि चुकलं तर अख्खी तबकडी बाद. त्या गायकांना आमची टेप म्हणजे शुद्ध लबाडी वाटली असती. अमेरिकेत १९४७ साली बिंग क्रॉस्बी या गायकाने आपला रेडिओ कार्यक्रम टेपवर घ्यायला सुरुवात केली, ती दर आठवड्याला थेट प्रक्षेपणाला हजर राहण्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी. यंत्रं जर्मन होती, युद्धानंतर जॅक मलिन या सैनिकी अभियंत्याने सुटे भाग करून अमेरिकेत नेलेली. एकदा एका विनोदवीराने जरा चावट किस्से सांगितले. श्रोतृवर्ग लोळून हसला, पण किस्से प्रसारित करण्याजोगे नव्हते. मलिनने ते कापले आणि हशाचा तुकडा जपून ठेवला. पुढे एका पडेल विनोदाला तोच हशा जोडला. म्हणजे टेप आली आणि लगेच उधारीचं हसू आलं.

तरी एक गोष्ट टेपजवळ होती, ती म्हणजे जागेची टंचाई. १९६७ साली लंडनमध्ये बीटल्ससारखे लोकसुद्धा चार ट्रॅकवर, म्हणजे एकाच टेपवरच्या चार समांतर पट्ट्यांवर काम करत होते. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एखाद-दोन ट्रॅकवर उतरवायचे, तेव्हा कुठे पुढच्या वाद्याला जागा व्हायची. उतरवताना ढोलकी जितकी मोठी ठेवली तितकीच कायमची. म्हणजे ड्रम, त्यांच्याकडे ढोलकी कुठली! पुढचं वाद्य त्या ठरलेल्यावर बेतून वाजायचं. आता दोनशे ट्रॅक उघडे असतात आणि सगळेच एकमेकांची वाट बघत बसतात.

याचा अनुभव मला रंगपंचमीला आला. आपल्या नाशकातल्या रहाडी तुम्हाला माहीतच आहेत. पेशवेकाळापासूनचे ते रंगाचे हौद, आणि त्यात उडी घेऊन मारायचा धप्पा. १९८९ साली मी तिवंधा चौकात एका गच्चीवर खांद्याला उहेर हे जर्मन टेपयंत्र अडकवून उभा होतो. पाच इंची स्पूल, सोळा मिनिटांची टेप, दुसरं स्पूल जवळ नाही. दोन तास बोट बटणावर ठेवून रहाडीच्या काठाकडे बघत होतो. कोण उडी मारणार हे त्याच्या खांद्यावरून कळायला लागलं. सहा धप्पे मिळाले. त्यातल्या एकात ढोलाच्या दणक्याने काटा लाल पट्टीत गेला, पण टेपने तो दणका थोडा दाबून, गोल करून घेतला.

गेल्या रंगपंचमीला ३२-बिट फ्लोटचा रेकॉर्डर नेला. त्यात लेव्हल लावायचीसुद्धा गरज नाही, नाशिक ढोल कितीही कडाडला तरी नंतर खाली ओढता येतो. साडेतीन तास यंत्र चालू ठेवून मी शेजारी चहा पीत होतो. घरी आल्यावर नऊ रात्री ऐकत बसलो. शंभराच्या वर धप्पे, आणि विसाव्यानंतर सगळे मला सारखेच ऐकू यायला लागले. चार मिनिटांचा तुकडा निवडला एकदाचा. तोच का, ते विचारू नका.

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. मागच्या दिवाळीत त्यांचा मुलगा चिवड्याचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. "बाबांच्या कपाटात होता, तुमच्या कामाचं काही दिसतंय." आत टेपचे तुकडे. माडीवरची खोली झाडताना काका खालचे तुकडे उचलून ठेवत असत, हे मला ठाऊकच नव्हतं. एकावरही नाव नाही, तारीख नाही. काही नाशकाच्या पावसाळ्यांनी चिकटलेले, काहींवर बुरशी.

सरळ सांगतो, मी त्या आजीचं वाक्य शोधत होतो. चाळीसेक तुकडे एकापाठोपाठ एक जोडून यंत्रावर लावले. कुणी घसा साफ करतंय, कुणी तंबोरा लावतंय, तीन-चार तुकडे उलटे निघाले, एकात खालून तांबटाचा हातोडा पहिल्यांदा पडतो आणि काका "हात्तिच्या!" म्हणतात. आजी नव्हती.

शेवटून दुसरा तुकडा सव्वा मीटरचा. एक बाई हसते, साडेसहा सेकंद, आणि हसताहसता "अगं बाई, पुन्हा?" म्हणते. कोण, केव्हा, कशाला हसली, काही पत्ता नाही. आवाजावरून तरुण वाटते. तो तुकडा मी संगणकावर उतरवून घेतलाय, दोन ठिकाणी जपूनही ठेवलाय. फाइलला नाव काय द्यायचं, ते मात्र दिवाळीपासून ठरत नाहीये.

नमस्कार.