काट्याचं तोंड बाहेर

मंडळी, मी जाईन तिथं एकच तक्रार कानावर येते, लोक पुढं येत नाहीत ओ. बचत गट काढला, पहिले तीन महिने हजेरी फुल्ल, नंतर मीटिंगला चारच बायका. शेतकरी कंपनी काढली, शेअर सगळ्यांनी घेतले आणि माल निघाला की ज्याची त्याची गाडी व्यापाऱ्याच्या दारात. मग ठरलेलं वाक्य येतं, आपल्या लोकांना सहकाराची जाणच नाही. मला हे अजिबात पटत नाही. लोकांना सगळी जाण असते, फक्त ती तुमच्या भाषणातनं येत नाही, रोजच्या व्यवहारातनं येते.

माणूस पहिल्यांदा गरजेपोटीच येतो आणि त्यात कमीपणा काही नाही. मार्च 1959 मध्ये गिरगावातल्या 7 बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या, तेव्हा चळवळ वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. घरचं आवरून उरलेल्या वेळात दोन पैसे यावेत, बस. 80 रुपये घेतले ते सुद्धा उसने, देणगी नाही. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आपलं लिज्जत. पण त्यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट पहिल्या पावसाळ्यातली आहे. पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. आता दुसऱ्याच्या कारखान्यात चार महिने मजुरी बंद झाली तर बाई वाट बघत बसेल का, ती दुसरं काम धरेल की. या परत आल्या, आणि पुढच्या पावसाळ्याला एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला, खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, काम चालू. मजुरीनं येणारी बाई पावसाळ्याची अशी सोय कशाला करत बसेल, मालकीण असेल तीच करते. तिथं नफा सारखा वाटायचा आणि तोटा पण सारखाच सोसायचा असं ठरलेलं, तोटा पण बरं का.

आता माझ्या घरातलं सांगतो. आमच्याकडं दूध विकत नाहीत, संस्थेत, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध घालतात, असंच म्हणतात. पहाटे आई म्हशीची धार काढायची आणि किटली घेऊन संस्थेच्या खिडकीपुढं रांगेत उभी राहायची. आत सेक्रेटरी, आतच काटा, आतच फॅटचं मशीन आणि मशीनचं तोंड सेक्रेटरीकडं. फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश, त्याच्यावरच दुधाचे पैसे ठरतात. तो आकडा तोंडानं सांगणार, आपण ऐकायचा. तीच म्हैस, तीच वैरण, तीच पेंड, आज फॅट 7.1 लागली आणि उद्या 6.2. आई घरी येऊन किटली जरा जोरात आपटायची, बाकी काही बोलायची नाही. भांडण कुणीच केलं नाही. फक्त हळूहळू अर्धी गल्ली सकाळचं दूध गवळ्याला द्यायला लागली, संस्थेत नावापुरतं दोन लिटर. मग चेअरमननी भिंतीवर मोठ्या अक्षरात विना सहकार नाही उद्धार असं रंगवून घेतलं, सभासदांना एकीवर भाषण दिलं, त्यानं एक लिटर दूध वाढलं नाही.

पुढं सेक्रेटरी बदलला. नवीन पोरगा होता, त्यानं काय केलं, टेबल फिरवलं. काट्याचं आणि मशीनचं तोंड खिडकीबाहेर. आकडा आधी आईला दिसणार, मग त्याला. शंका आली तर दुधाचा नमुना परत लावून दाखवायचा, तिच्यासमोर. बाकी दर तोच, इमारत तीच, संचालक मंडळ तेच. दोन-तीन महिन्यात गल्लीचं दूध परत आलं, आणि गवळी तेव्हा लिटरमागं वरचा रुपया देत होता तरी आलं. का आलं? गवळ्याकडं दिवाळीचा फरक नाही हे एक कारण होतंच, वर्षाच्या दुधावर दिवाळीला मिळणारी ती रक्कम म्हणजे आमच्याकडं पोरांचे कपडे आणि फराळाचं तेल. पण फरक आधी पण होताच की. आई मला म्हणाली होती, आता फॅट कमी लागली तर म्हशीला ओरडते, सेक्रेटरीला नाही.

हे आमच्याच गावचं नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावात 1844 साली 28 कामगारांनी मिळून दुकान काढलं, सगळं जग तिथनं सहकाराची सुरुवात मोजतं. त्या काळी पिठात भेसळ सर्रास चालायची, वजनात मारायचे. यांनी पीठ, साखर, लोणी असा थोडाच माल ठेवला पण शुद्ध माल आणि बरोबर वजन, आणि भांडवल कितीही असो, माणशी एक मत. म्हणजे तिथंही सुरुवात काट्यापासनंच.

आणि वाटणी. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. नियम ऐका. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, उसाला पाणी नाही, भूमिहीनाला पण वाटा, आणि योजनेच्या खर्चातला 20 टक्के भाग लोकांनी स्वतः घालायचा. मोठ्या जमीनवाल्यानं हे का मानावं असं मला बरेच जण विचारतात. मला वाटतं, विहीर कोरडी पडलेली ज्यानं बघितलीय त्याला कळतं की एकट्याची मोठी मोटार काही कामाची नाही. आणि ज्याला वाटाच नाही तो पाइपलाइनची राखण कशाला करेल? पदरचे पैसे घातलेत म्हटल्यावर माणूस गळका व्हॉल्व रात्री उठून बघतो. याच्या उलट अनुदानासाठी काढलेले गट मी किती बघितलेत, अनुदान खात्यावर आलं की वही कुठं गेली ते अध्यक्षाला पण माहीत नसतं. त्या लोकांना मी आळशी म्हणणार नाही, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, नुसत्या सह्या घेतल्या होत्या.

आमच्या संस्थेची वार्षिक सभा आधी अशीच असायची. अहवाल वाचला, मंजूर मंजूर, चहा-भजी, संपलं. आई वीस वर्षं सभासद होती, सभेत कधी तोंड उघडलं नाही. टेबल फिरवलं त्याच्या पुढच्या वर्षी ती दहा-दहा दिवसांच्या बिलाच्या पावत्या पिशवीत घालून गेली आणि मधेच उठून विचारलं, पशुखाद्याच्या पोत्यामागं हे आठ रुपये कसले कापलेत? चेअरमनना उत्तर येईना, रजिस्टर मागवलं. मग दुसरीनं पावती काढली, मग तिसरीनं. बाहेर अंधार पडला, धारेची वेळ टळून गेली, गोठ्यात म्हशी हंबरायला लागलेल्या सभेत ऐकू येत होत्या, तरी एक बाई जागची उठली नाही.