तिथी बघून समुद्रावर

बसा, बसा. मागचे लोक पुढं या, हा माइक तिसऱ्या रांगेपर्यंतच पोचतो. खरं म्हणजे बंदच करा तो, आजचा विषय शांततेचा आहे आणि हा मघापासून जी शिटी मारतोय ना, आमचा बारका इथं असता तर एव्हाना टेबलाखाली गेला असता. झाला बंद? बरं वाटलं. ऐकू येतंय ना मागं? नसेल येत तर हात वर करा, आवाज वाढवणार नाही, तुम्हालाच पुढं बोलावेन.

वाचनालयवाल्यांनी पत्रिकेत छापलं, 'समुद्रकिनारी दोन दिवसांची शांत सहल : नियोजन', आणि खाली माझं नाव. मी कृषी केंद्र चालवणारा माणूस, मला लोक फक्त युरिया कधी येणार ते विचारतात. आता येताना फाटकातच एकानं धरलं, "भाऊ, समुद्र इथून सातशे-आठशे किलोमीटर, तुम्हाले काऊन सुचलं हे?" सुचलं नाही बावा, अंगावर आलं. आणि 'दोन दिवसांची' हा शब्द मुंबई-पुण्यावाल्यांचा आहे, शुक्रवारी संध्याकाळी निघायचं न रविवारी रात्री घरी. आपल्याले दोन दिवस समुद्र पाहिजे तर दोन रात्री रेल्वेच्या, म्हणजे दुकान चार दिवस बंद, आणि चार दिवसांत उधारीवाले खुश.

तर बारका. माझा धाकटा, अकरा वर्षांचा. स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम, गावात बहुतेकांना माहीत आहे, ज्यांना नाही ते 'हट्टी पोट्टं' म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हे येतं. पण डीजेवाल्यानं कायदा कुठं वाचलाय. तसा आवाजाचाही नियम आहे, २००० सालचा, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. आपल्याकडं नाचायला रंग चढतो तो दहानंतरच, म्हणजे वेळ पाळतात हो लोक, फक्त उलटी.

त्याचं असं आहे की कुकरची शिटी, मिक्सर, दुकानातला औषधांचा वास, शर्टाच्या कॉलरची चिठ्ठी, हे त्याला आपल्यापेक्षा दसपट लागतं. आणि काही गोष्टी कमी लागतात, त्या तो शोधत फिरतो. सोयाबीन निघालं की घरात ढीग पडतो, हा त्यात कोपरापर्यंत हात घालून उभा राहतो. अर्धा तास. दाणे हाताला चहूबाजूंनी दाबतात, थंड असतात, हलले की बारीक सळसळतात, आणि त्याचा चेहरा असा सैल होतो की आम्ही माल विकायला उशीर करतो. भाव वाढायची वाट बघतो असं बाजार समितीत सगळ्यांना वाटतं. वाटू द्या.

आता पहिल्या सहलीची गोष्ट सांगतो, थोडी लांबेल. योजना साडूची. डिसेंबर २०२४, दोन कुटुंबं, टेम्पो ट्रॅव्हलर, न कोकण. साडूनं सोबत ब्लूटूथ स्पीकर घेतलेला, मी म्हटलं नको, तर म्हणे "प्रवासात गाणे नाही तं काय भजन करू?" भजनही चाललं असतं, हळू असतं तर. अठरा तासांच्या वर बसलो, बारका मागच्या सीटखाली, चादर अंगावर ओढून. हॉटेलचं नाव सांगत नाही. फोनवर मी तीनदा सांगितलं होतं, पोराला आवाज चालत नाही, शांत खोली द्या, ते "हो सर, हो सर". पोचलो तर खोली 'सी व्ह्यू'. समुद्र दिसायचा, पण खिडकीखाली जनरेटर. आणि बाजूला स्वयंपाकघराचा पंखा, त्यातून तळलेल्या मासळीचा वास थेट पोराच्या उशीवर. मी खाली गेलो, खोली बदला म्हटलं, तर काउंटरवरचा पोरगा काय म्हणाला, "सर, समुद्रावर आलात ना, मग आवाज तर राहणारच."

हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. अरे, समुद्राच्या आवाजाला कोण नाव ठेवतंय? लाट एकसारखी येते, एकसारखी जाते, पुढची कधी येणार ते पोराला कळतं. जनरेटर कधी सुरू होईल ते देवालाही माहीत नाही. त्याला आवाजाचा त्रास कमी, न सांगता येणाऱ्या आवाजाचा जास्त. पण हे काउंटरवर कोणाला समजावता? मागं पाच जण चावीसाठी उभे.

संध्याकाळी किनाऱ्यावर नेलं. घोडागाडी, घुंगरं, ती चार चाकाची फटफटी, पाण्यात स्कूटर, कणीसवाले, फुगेवाले, आणि एकतीस तारीख, म्हणजे रात्री फटाके. पोरानं कान दाबले, मग डोळे मिटले, मग स्वतःच्या मनगटाला चावला. लोक गोल करून बघायला लागले. साडू म्हणाला, "दोन ठेवून द्या, सरळ होते." मी त्याच्याशी सहा महिने बोललो नाही. आता बोलतो, त्याच्याकडं ट्रॅक्टर आहे.

रात्रभर कोणी झोपलं नाही. सकाळीच निघायचं ठरलं, अॅडव्हान्स बुडाला तो बुडालाच. पण ड्रायव्हर उठेना. साडेसहा वाजलेले, पोरगा दाराशी घुटमळत होता, म्हटलं चल, तेवढंच फिरून येऊ. आणि तोच किनारा, मंडळी, तोच. माणूस नाही. सगळे रात्रीचं उतरवत झोपलेले. पाणी केवढं मागं गेलेलं, ओली रेती पार लांबपर्यंत सपाट, आवाज येतोय पण दुरून, जसा आपल्याला शेजारच्या वावरातला पाण्याचा पंप ऐकू येतो. बारक्यानं चप्पल काढली. हा ज्याला घरी फरशी ओली चालत नाही. पाय रेतीत दाबला, मग दुसरा, मग गोल गोल फिरवत गुडघ्याच्या खाली आत घातले, आणि उभा. हात सैल सोडलेले. मला काही सुचेना, मला एकदम आमचा सोयाबीनचा ढीग दिसला.

तिथं एक म्हातारे जाळं दुरुस्त करत बसले होते. मी विचारलं, पाणी रोज एवढं मागं जातं का. ते म्हणाले, "आज दुज. तिथीची पाऊणपट करायची. दुजेची पाऊणपट दीड, दीडला भरती. म्हंजे आता सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. बस, एवढंच, न परत जाळ्यात डोकं. १ जानेवारी २०२५, घरी येऊन कॅलेंडर बघितलं, पौष शुद्ध द्वितीया.

हे मला इतकं आवडलंय की मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. तिथीला पाऊणनं गुणा, भरती किती वाजता ते येतं. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्या, सव्वाअकरा. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा, म्हणून भरतीही तशीच सरकते, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, मोबाईलवर नेमकी वेळ मिळते, पण कॅलेंडर भिंतीवर आहे आणि त्याला रेंज लागत नाही. पेरणीला नक्षत्र बघणारे आपण, समुद्राला तिथी बघायला काय जातं?

माझं म्हणणं एवढंच आहे, शांत जागा शोधत बसू नका, शांत वेळ शोधा. लोक मला म्हणतात अमुक किनारा अनटच आहे. चार जणांनी व्हिडिओ टाकला की तोही गेला. पण सकाळी साडेसातची ओहोटी कोणी व्हिडिओत पळवून नेत नाही. द्वितीया, तृतीया, चतुर्थी, शुद्ध असो वद्य असो, सकाळी पाणी मागं असतं. त्यात सोमवार ते बुधवार पकडा, आणि जून ते ऑगस्ट सोडून द्या, पावसाळ्यात समुद्र खवळलेला, तिथले कोळीसुद्धा जून-जुलै होड्या वर ओढून ठेवतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. किती, दहा मिनिटं? आता नियोजन राहिलं की सगळं, पत्रिकेत तेच छापलंय. असो, भराभर सांगतो, ज्याला लिहायचं त्यानं लिहा.

दुसऱ्यांदा आम्ही दिवेआगरला गेलो, मागच्या डिसेंबरात, नाताळची गर्दी यायच्या आधी सोमवार ते बुधवार. बडनेऱ्याहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, पोराला वरचा बर्थ, चादरीचा पडदा, की झाली त्याची गुहा. सकाळी कल्याणला उतरून पनवेल, माणगाव, म्हसळा. निघायच्या आधी पंधरा दिवस घरी तालीम. मोबाईलवर लाटांचा आवाज अगदी हळू, जेवताना. परातीत ओली रेती, त्यात पाय. पुठ्ठ्यावर फोटो चिकटवले, रेल्वे, रिक्षा, खोली, समुद्र, खोली, रेल्वे, आपलं दार. दाराचा फोटो विसरू नका, पोराला परत येणार आहोत हे माहीत पाहिजे.

हॉटेल नको, घरगुती राहायची सोय बघा, आणि फोनवर 'शांत आहे का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा जनरेटर कुठं आहे, खोलीच्या कोणत्या बाजूला, पंप किती वाजता लावता, त्या दिवसांत लग्नाचं बुकिंग आहे का, देवळाचा भोंगा किती दूर, खोलीत ट्यूब आहे की बल्ब. आम्हाला ज्या काकू मिळाल्या त्या म्हणाल्या, "पंप मी तुम्ही समुद्रावर गेलात की लावते." मी तिथंच बुकिंग केलं, भाव विचारला नाही.

जेवण, आपलं पोरगं नारळाच्या वाटणाला हात लावत नाही, म्हणून तुरीची डाळ आणि कणीक सोबत, काकूंनी पोळ्या करून दिल्या. उशीची खोळ घरची, साबण घरचा. कानाला मफ, कारखान्यात मशीनवर लावतात ते. अंगाला रेती चिकटली आणि ते चाललं नाही तर पाण्यानं घासू नका, कोरडं होऊ द्या, पावडर टाका, झडून जाते. रेतीवर पाय ठेवायला बिचकलं तर जुने मोजे. टोपी. आणि दिवसाला एकच गोष्ट, सकाळी समुद्र, बस. दुपारी खोली, पडदा, पंखा. किल्ला, देऊळ, बोटिंग, हे सगळं राहू द्या, पोरगं दमलं की आपण आठ तास दमतो.

हे मात्र लक्ष देऊन ऐका. अशा पोरांना पाण्याची ओढ फार असते आणि धोका कळत नाही. हात सोडायचा नाही, रंग भडक घालायचा, आम्ही केशरी टीशर्ट घालतो, आणि पाणी उलटायला लागलं, म्हणजे भरती सुरू झाली, की निघायचं, तिथल्या माणसानं नाही म्हटलं तर नाही. दोघं मोठे असा, एकजण पोराला घेऊन उठेल, दुसरा पैसे देईल, बाकीचा राग खोलीवर.

तिन्ही दिवस सकाळी गेलो. पहिल्या दिवशी पाऊण तास, दुसऱ्या दिवशी दीड. तिसऱ्या दिवशी बारक्यानं माझा हात धरून माझेही पाय रेतीत दाबले. दोघं उभे, गुडघ्यापर्यंत. बायको म्हणाली, "आता काढायचं कोणी तुम्हाले?"

हो हो, झालं, उठतो. मागच्या रांगेत त्या ताई आहेत, त्यांनी मघाशी दारात हळूच विचारलं होतं, त्यांच्यासाठी सांगतो, कानाचा मफ माझ्या दुकानात एक जास्तीचा आहे. विकत घेऊ नका अजून. पोराला आवडतो का ते आठवडाभर बघा, नाही आवडला तर परत आणून द्या. शनिवारी येऊ नका पण, बाजार असतो, फार गोंधळ असतो.