मुक्कामी एसटीचा रस्ता धरा

सिंहगड, बोपदेव, खंबाटकी या घाटांवर बोलायला तुमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये माणसं भरपूर आहेत, मी घाट चढतो पण त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी सपाट मुलखातल्या सायकलिंगवर बोलणार. म्हणजे भीमा आणि नीरा यांच्या मधला पट्टा, दौंडच्या खालून बारामती, इंदापूर आणि मग थेट नीरा नरसिंहपूर, जिथे दोन्ही नद्या मिळतात आणि पुणे जिल्हा संपतो. पुण्यापासून पंढरपूर दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि उंचीतला फरक जेमतेम शंभरेक मीटरचा, आता यावर सायकलवाले काय म्हणतात, की बोअर आहे, सोलापूर हायवेने जाऊन आलो, नुसते ट्रक आणि ढाबे. अरे हायवेने गेलास तर दुसरं काय दिसणार!

माझं म्हणणं साधं आहे. ज्या रस्त्याने पुढे जायचं बाहेरच्या माणसाला काही कारणच नाही, तो रस्ता शांत. गावातली माणसं येणार-जाणार, दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल येणार, शाळेची पोरं येणार, त्यांचा कुणालाच त्रास नसतो, त्रास असतो तो शॉर्टकट मारणाऱ्यांचा. तेव्हा दोन तालुक्याची गावं जोडणारा रस्ता नकाशात कितीही बारीक दिसला तरी तो सोडून द्यायचा.

हे ओळखायचं कसं? मॅपवर सगळे रस्ते सारखेच पांढरे दिसतात, त्यामुळे मी आधी एसटीचं विचारतो. ज्या गावात मुक्कामी गाडी असते, म्हणजे संध्याकाळी शेवटची एसटी जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात, ते गाव बहुतेक वेळा रस्त्याच्या टोकाला असतं. एसटी जाते म्हणजे रस्ता बरा आहे, आणि पुढे जात नाही म्हणजे पुढे कुणाला जायचं नाही. दुसरं म्हणजे किलोमीटरचे दगड बघा, डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, आपल्याला नारिंगी डोक्याचे हवेत, ते ग्रामसडक योजनेतल्या गावच्या रस्त्यांचे. या ग्रामसडकचं डांबर बहुतेक ठिकाणी पावणेचार मीटर रुंद, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला साइडपट्टीवर उतरावंच लागतं, त्यामुळे स्पीड आपोआप कमी. सुरुवातीला बोर्ड असतो ना, लांबी किती, खर्च किती, काम कधी पूर्ण झालं, तो फोटो काढण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे. ठेकेदाराकडे 5 वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते, ती मुदत होऊन गेली असेल तर खड्डे धरूनच चाला.

या पट्ट्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पाट. नीरा डावा कालवा 1880 च्या दशकातला आहे, 1876-77 च्या दुष्काळानंतरचा, वरती भाटघर धरणाचं पाणी खाली बारामती-इंदापूरकडे न्यायचं म्हणून इंग्रजांनी केलेला. आता पाणी काही चढ चढत नाही, आणि फार उतार दिला तर काठ कापत सुटतं, म्हणून इंजिनिअरने कालवा जमिनीच्या एकाच उंचीच्या रेषेला चिकटून नेलेला असतो, प्रत्येक ओढ्याला वळसा घालत घालत. त्याच्या काठाने पाटबंधारे खात्याचा तपासणीचा रस्ता असतो, मुरमाचा, आणि कालवा सपाट म्हणून तोही सपाट! तिथे गिअर बदलायला काम नाही. सरळ रस्त्याने 10 किलोमीटर असेल तिथे पाटाने 15 होतील, होऊ देत, तुम्हाला कुठे ऑफिसला जायचंय. फक्त हा काही सार्वजनिक रस्ता नव्हे, फाटकाला कुलूप असेल तर मागे फिरा, तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका, आणि पावसात तर जाऊच नका, काळी माती चाक आणि फोर्कच्या मध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

आता नदीचं सांगतो. इंदापूरच्या खाली नीरा आणि भीमा जवळ जवळ येत जातात, मधली जमीन निमुळती होत होत नरसिंहपूरला संपते. बावडा सोडलं की लुमेवाडी, टणू असं करत वीसेक किलोमीटर जावं, दोन्ही बाजूला ऊस, केळी, मध्येच वस्त्या, देवळाच्या घाटावर बसावं, संगम बघावा आणि भीमेच्या बाजूने अवसरी, भाटनिमगाव करत वर इंदापूरला यावं. अशा जिभेसारख्या जमिनीवर बाहेरची वाहतूक शिरत नाही. पण नवा पूल झाला की गणित बदलतं हां, म्हणून निघण्याआधी सॅटेलाइट व्ह्यूमध्ये नदीवर पूल कुठे कुठे आहेत ते मोजून घ्या, पूल असलेला रस्ता टाळा आणि बंधारा असलेला शोधा. नीरेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, वरून मोटरसायकल जाते, ट्रक जाऊ शकत नाही, म्हणजे आपल्यासाठीच बांधलाय म्हणा! कठडा बऱ्याचदा नसतो, उतरून चालत जा, त्यात काही कमीपणा नाही. पावसाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात, पाणी वरूनही जातं, तेव्हा तिकडे फिरकायचं नाही, ऑक्टोबरच्या मध्यानंतर बरगे घातले की मग.

सपाट म्हणजे सोपं असं समजून येणाऱ्यांना वारा सरळ करतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा, अडवायला ना डोंगर ना झाड, पुण्याहून खाली जाताना वाटतं आपण फार फिट झालो आणि परत येताना 14 च्या स्पीडला धाप लागते. म्हणून लूप असा आखा की सकाळी आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, अकरानंतर तो वाढतो तेव्हा पाठीवर घ्यायचा. शिवाय घाटात उतारावर पाय थांबतात, इथे थांबतच नाहीत, चार-चार तास एकाच पोझिशनला बसल्यावर पहिली बोंब मांड्यांची नसते, बुडाची असते. सीट आधी नीट करून घ्या, मग कार्बन फ्रेमच्या गप्पा.

पंक्चर होणारच. वेडी बाभूळ तोडून शेताला कुंपण घालतात, काटे रस्त्यावर येतात. 32 मिलिमीटर रुंदीचे टायर घाला, दोन ट्यूब जवळ ठेवा. कुत्री वस्तीवर असतात, धावली की थांबा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, बहुतेक तीही थांबतात.

कधी जायचं हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ऊस. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने पेटतात आणि मग मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, तुमचा तो नारिंगी दगडाचा शांत रस्ता ट्रॅक्टरचा होतो, मागे दोन ट्रेलर, बाहेर लटकलेला ऊस, डांबरावर सांडलेल्या कांड्या, आणि रात्री त्या ट्रेलरना मागे लाइट असेलच असं नाही. कारखान्याच्या आसपासचे रस्ते त्या काळात सोडाच. थंडीत यायचं असेल तर नरसिंहपूरच्या टोकाकडे या आणि अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा. नाहीतर पाऊस संपून तोडणी सुरू व्हायच्या मधले तीन-चार आठवडे आहेत, रस्ते वाळलेले, बरगे नुकते घातलेले. सध्या तेच चालू आहेत, तर या रविवारी काय प्लॅन आहे तुमचा?