कशासाठी पाहिजे?

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्याकडे ठाण्याला, पाचपाखाडीत, दुपारी बेल वाजली आणि दारात पार्सलवाला मुलगा असला की तो आधी माझ्या खांद्यावरून आत डोकावायचा. "काकू, काका आहेत का? कॉम्प्युटरचं काहीतरी आलंय." काका असायचे, सोफ्यावर पेपर वाचत. पण ओटीपी काकूंच्या मोबाईलवर आलेला असायचा, कारण मदरबोर्ड, कॉम्प्युटरची मुख्य पाटी, काकूंनी मागवलेला असायचा. आता तो मुलगा सरावलाय. परवा खोकं हातात देताना म्हणाला, "काकू, आज जड आहे. एसएमपीएस काय?" होता खरंच एसएमपीएस, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा.

मी जन्मभर हिशेब खात्यात नोकरी केली. एकदा ऑफिसातलं मशीन सुरूच होईना, तेव्हा दुरुस्तीवाला आला, त्याने झाकण काढलं, रॅमची, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीची, पट्टी उपसली, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने घासले आणि पट्टी परत बसवली. मशीन चालू. बिल लावलं तीनशे रुपये. ही पेटी उघडता येते आणि आत खोडरबर चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. घरी आले आणि स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. तेव्हापासून आजवर नात्यागोत्यात मिळून सतरा-अठरा कॉम्प्युटर जोडले असतील.

सुरुवातीला सामान आणायला लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथे वेस्टर्नला बदलून स्लो गाडीने ग्रँट रोड, मग पायी. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने कुणाला पत्ता विचाराल तर विचारतच राहाल. तिथला माझा नेहमीचा दुकानदार एक वस्तू मागितली की कधी चटकन द्यायचा नाही. चष्मा कपाळावर सारून विचारायचा, "कशासाठी पाहिजे? बोर्ड कुठला आहे?" मला राग यायचा. वाटायचं, बाईमाणूस बघून परीक्षा घेतोय. मग एकदा माझ्या मागे उभ्या असलेल्या, पाठीला सॅक लावलेल्या इंजिनिअर पोरालाही त्याने हेच विचारलं. पोराला उत्तर आलं नाही. त्याला हात हलवत परत पाठवलं.

ऑनलाइन खरेदीत सगळं मिळतं, हा प्रश्न तेवढा मिळत नाही.

पहिला धडा रॅमचाच. रात्री अकराला सेल लागला, 16 जीबीची पट्टी बाजारभावापेक्षा स्वस्त दिसली, मी घेऊन टाकली. माल निघाला भिवंडीच्या गोदामातून. भिवंडी आमच्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर, पण पार्सल तिथून ठाण्याला यायला तीन दिवस लागले. मध्ये ते कुठेकुठे देवदर्शन करून आलं, तो भाग सोडून देते. आल्यावर जेवणाच्या टेबलावर पेटी आडवी केली आणि पट्टी खाचेत दाबली. बसेना. उलटी करून दाबली, तरी बसेना. मग भिंग आणलं. माझा बोर्ड डीडीआर4चा आणि आलेली पट्टी डीडीआर5ची, म्हणजे रॅमच्या पुढच्या पिढीची. दोन्हींना 288 टोकं, दोन्हींची लांबी सव्वातेरा सेंटिमीटरच्या आसपास, फोटोत तर जुळ्या बहिणी. पण पट्टीच्या मधली खाच किंचित सरकवलेली असते, ती मुद्दाम, चुकीची पट्टी चुकून बसू नये म्हणून. एकीला 1.2 व्होल्ट लागतात, दुसरीला 1.1. मी आणखी जोर लावला असता तर बोर्डच गेला असता. पट्टी परत पाठवली, पैसे आले, पण वेबसाइटचा दोष एका पैशाचा नव्हता. "डीडीआर5" तिथे ठळक लिहिलं होतं. मी 16चा आकडा आणि किंमत एवढंच वाचलं होतं. हिशेब खात्यातली बाई!

मग मी वर्णन वाचायला शिकले. जमिनीच्या दस्तासारखं वाचायचं, शब्द न् शब्द.

"सपोर्ट" हा त्यातला सर्वांत निसरडा शब्द. गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी हट्ट धरला की मॅच भिंतीवर बघायची. प्रोजेक्टर मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात "4के सपोर्ट", म्हणजे अगदी रेखीव चित्राचं आश्वासन. भिंतीवर धोनीच्या काळातल्या केबल टीव्हीसारखं चित्र. खाली बारीक अक्षरात खरं दुखणं होतं, नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे यंत्राचे स्वतःचे चित्राचे ठिपके, 1280 गुणिले 720. म्हणजे यंत्र 4केचा सिग्नल आत घेतं खरं, पण दाखवताना आपल्या ऐपतीइतकंच दाखवतं. जेवायला चार पदार्थ वाढून घ्यायचे आणि पानात जागा एकाचीच. विक्रेता म्हणाला, "वर्णनाप्रमाणेच माल आहे, परत घेणार नाही." त्यावर मी भांडले. ई-कॉमर्सचे 2020चे नियम आहेत, त्यांत तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात ती निकालात काढायची, असं स्पष्ट आहे. मी त्याच मुदतींचा उल्लेख करून लिहिलं, सोबत भिंतीवरच्या चित्राचा फोटो, जाहिरातीच्या पानाचा फोटो आणि खोक्याच्या बुडाचा फोटो जोडला. शिवाय 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. एकविसाव्या दिवशी पैसे खात्यात जमा. यांनी मॅच शेवटी शेजाऱ्यांकडे बघितली.

नेहमी जिंकते असं नाही. एक मदरबोर्ड आला होता, एलजीए 1700 सॉकेटचा. सॉकेट म्हणजे प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू, बसतो ती जागा. या जातीत प्रोसेसरला पिना नसतात, बोर्डावर असतात, 1700 पिना, बोटाच्या दोन पेरांएवढ्या चौकोनात. वरची प्लास्टिकची टोपी काढली तर मधल्या दोन पिना आडव्या, वाऱ्याने भात लोळावा तशा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ मी काढला होता, पण चिकटपट्टी कापून झाल्यावर सुरू केला. "ग्राहकाने वाकवल्या" असं उत्तर आलं आणि माझ्याकडे बोलायला तोंड उरलं नाही. आता मी सीलबंद खोक्याच्या सहाही बाजू, पत्त्याचं लेबल, मग कात्री, मग आतला माल, असं एका दमात, मोबाईल खाली न ठेवता शूट करते. पण तो बोर्ड? यांना टॉर्च धरायला बसवलं. भिंग कपाळाला बांधलं. नातवाची 0.5ची पेन्सिल घेतली, ती खटका दाबून शिसं पुढे येणारी, त्यातलं शिसं काढून टाकलं. तिच्या पोकळ टोकात एकेक पीन अडकवायची आणि केसभर उचलायची. टॉर्च हलली की मी ओरडायची, मी ओरडले की टॉर्च आणखी हलायची. दीड तास लागला. चार वर्षं झाली, तो बोर्ड भाच्याकडे कळव्याला चालतोय.

त्याच भाच्याने 599 रुपयांत 2 टीबीचा पेनड्राइव्ह घेतला आणि लग्नाचे फोटो त्यात भरले. फोटो दिसत होते, नावं दिसत होती, निम्मे उघडत नव्हते. अशा ड्राइव्हमध्ये चिप असते छोटीशी, पण तिचा कंट्रोलर कॉम्प्युटरला छातीठोक खोटं सांगतो, माझ्याकडे 2 टीबी जागा आहे म्हणून. खरी जागा संपली की नवीन माल जुन्यावर पडतो किंवा कुठेच जात नाही, आणि मशीन म्हणतं "कॉपी पूर्ण". मी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा फुकट मिळणारा जर्मन प्रोग्रॅम लावला. तो ड्राइव्हवर ठरावीक मजकूर लिहितो आणि मग तोच वाचून ताळा करतो. मला हा प्रोग्रॅम फार आवडतो, अगदी आमच्या खात्यातला वाटतो. सगळे 2 टीबी तपासायला दिवस लागले असते, म्हणून 64 जीबी लिहायला सांगितलं आणि कुकर लावला. तिसाच्या आसपासपर्यंत ताळा जमला, पुढे सगळी रद्दी.

याउलट माझी नणंद. कोपरखैरण्याहून फोन, "वहिनी, 1 टीबीची डिस्क घेतली, 931 दाखवतेय, 69 कुणी खाल्ले?" कुणीच नाही. कंपनी हजाराहजाराने मोजते, विंडोज 1024ने मोजतं. तीच रक्कम, माप वेगळं, शेर आणि किलोसारखं. तिला ते पटलं नाही. अजून ती मला कंपनीची माणूस समजते.

परवा खालच्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा आला. मोबाईलवर जुनं ग्राफिक्स कार्ड दाखवलं, गेमचं चित्र पडद्यावर आणणारं, निम्म्या किमतीत. खाली लिहिलेलं, "फक्त गेमिंगला वापरलं, घरगुती." सप्टेंबर 2022मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे अशा कार्डांवर गणितं करून नाणी मिळवणं, बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबवलेली कार्डं अशीच "घरगुती" म्हणून बाजारात आली होती, हे मी त्याला सांगितलं. पंख्याचा आवाज ऐकल्याशिवाय, बिल बघितल्याशिवाय घेऊ नको म्हटलं. तो मान हलवत होता, पण बोट "खरेदी करा"च्या बटनाभोवतीच फिरत होतं.

माझा चष्मा कपाळावर होता, हे मला नंतर लक्षात आलं. मी विचारलं, "कॅबिनेट कुठलं आहे तुझं? ती बाहेरची पेटी?"

"काळं."

शिलाईच्या डब्यातली टेप त्याच्या हातात दिली आणि खाली पिटाळला. कार्ड 32 सेंटिमीटर लांब होतं, पेटीत मावायला तर हवं. पाच मिनिटांनी जिन्यातूनच हाक आली, "काकू, पुढचा पंखा धरून मोजायचं की सोडून?"

सोडून, म्हटलं, सोडून. जिथे पंखा संपतो तिथून.

बराच वेळ खालून काही आवाज आला नाही.

नमस्कार.