सोसायटीच्या गच्चीवर सौर : सभेआधीचा गृहपाठ

नमस्कार, श्रोतेहो.

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये सौर प्रकल्प अडतो तो सर्वसाधारण सभेत. पर्यावरणावरचं भाषण सगळे मान डोलावत ऐकतात आणि मग मागून कुणीतरी विचारतं, "मेंटेनन्स किती कमी होणार?" याचं उत्तर रुपयांत देता आलं नाही, की विषय गेला पुढच्या वर्षावर. आपल्या किंवा शेजारच्या सोसायटीत जे स्वयंसेवक हा विषय लावून धरतायत, त्यांच्यासाठी आज थोडं बोलू.

सुरुवात सेक्रेटरींच्या कपाटापासून करा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे ज्यावर चालतात त्या कॉमन मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. समजा, महिन्याला सरासरी १,२०० युनिट जळतात. पुण्यात १ किलोवॉटचा सौर संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतो, म्हणजे महिन्याला साधारण १२०. तुम्हाला १० किलोवॉट पुरतील. त्याला ५४५ वॉटची १८-१९ पॅनेल आणि बिनसावलीची सुमारे १,००० चौरस फूट गच्ची लागेल. सभेत मे महिन्याच्या उत्पादनाचा आकडा मात्र दाखवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तो चांगलाच घसरतो आणि लोक तुम्हालाच जाब विचारतात. बिलावरचा 'मंजूर भार'ही, म्हणजे वीज कंपनीने मीटरला मंजूर केलेले किलोवॉट, टिपून ठेवा; प्रकल्प त्याहून मोठा असेल तर भार वाढवावा लागतो.

अनुदानाची गल्लत हमखास होते. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांचा जो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, तो स्वतंत्र घरगुती ग्राहकाचा, ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या संचासाठी. सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये धरले आहेत. आपल्या उदाहरणात १ लाख ८० हजार. शिवाय महापालिका मालमत्ता करात सवलत देते, पण संच चालू ठेवला तरच.

आता गच्चीवर चला. खरा गृहपाठ तिथेच आहे. टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोजा. तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन अशा तीन वेळा सावलीच्या कडेने खडूने रेघ ओढा आणि फोटो काढा. पॅनेलच्या पातळीपेक्षा १० फूट उंच टाकीची सावली तेव्हा भर दुपारी ९ फूट उत्तरेकडे पडते, साडेनऊला आणि साडेतीनला ती जवळपास १८ फूट लांबते. मे महिन्यात दुपारी बारा-साडेबाराला पाहणी करणाऱ्याला हे दिसतच नाही, कारण तेव्हा पुण्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पॅनेल एकामागे एक माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली आली की तेवढ्यापुरतं नुकसान होऊन भागत नाही, माळेचं उत्पादन पडतं. खडूच्या रेघांच्या आतली जागा सोडूनच मोजमाप करा. १,००० फुटांची गच्ची ६०० वर आली तर सभेत ६०० च सांगा.

वरच्या मजल्यावरचे लोक विरोध करतात तो गळतीच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. आपल्याकडे बऱ्याच गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर असतो. त्यात ड्रिल मारून सांगाड्याचा अँकर बोल्ट ठोकला, की वॉटरप्रूफिंगला भोक पडलंच. कोब्यावर सिमेंटचे ठोकळे ठेवून त्यांवर सांगाडा उभा करता येतो, पण ठोकळ्यांचं वजन नीट काढायला हवं. वळवाच्या वादळात पॅनेलला वारा खालून उचलतो. नुसत्या स्लॅबवरच्या भाराचा हिशेब दाखवणाऱ्याला वाऱ्याची उचल किती धरली हे विचारा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पाच-सहा वर्षांत करायचंच असेल, तर ते आधी उरका. गळतीची हमी करारात लेखी घ्या.

आणखी एक प्रश्न येतो, वीज गेली तर लिफ्ट चालेल का? नाही. पॅनेलची डीसी वीज आपल्या वापराच्या एसी विजेत बदलतो तो इन्व्हर्टर. ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःहून बंद होतो, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. हे ठरावाआधीच स्पष्ट सांगा.

स्वयंसेवकाने एक पथ्य पाळावं, स्वतः ठेकेदार आणू नये. ओळखीचा माणूस आणला, की "याचं कमिशन किती?" ही कुजबुज सुरू होते आणि चांगला विषयही मरतो. एकाच तपशिलावर तीन दरपत्रकं कमिटीने मागवावीत. त्यात भारतीय सेलची पॅनेल (अनुदानाला तीच चालतात), डीसी बाजू, एसी बाजू आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचं वेगवेगळं अर्थिंग, केबलचा जाडपणा आणि पाच वर्षांची देखभाल, हे सगळं लिहिलेलं असावं. पॅनेलच्या वायरी जोडणारे कनेक्टर हाताने कसेबसे दाबून बसवले की ते तापतात, जळतात. वायरीवर घट्ट दाबून बसवणाऱ्या योग्य क्रिम्पिंग अवजारानेच जोडायचे, अशी अट घाला.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते आणि नोटीस १४ दिवस आधी निघते. तेव्हा विषय अजेंड्यावर यायचा असेल तर आकडे ऑगस्टमध्येच कमिटीच्या हातात द्या.

प्रकल्प लागल्यावर साफसफाई कोण करणार, हेही ठरावात नावानिशी लिहून घ्या. पॅनेलखाली पारवे घरटी करतात, तेव्हा कडेला जाळी लावा. धुवायचं ते पहाटे किंवा संध्याकाळी. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, म्हणून शेवटचा हात नळाच्या पाण्याचा. प्रकल्पाबरोबर नेट मीटर बसतो; ग्रीडमधून घेतलेले (आयात) आणि ग्रीडला दिलेले (निर्यात) युनिट तो वेगळे मोजतो. पहिल्या दोन-तीन बिलांतले हे दोन्ही आकडे इन्व्हर्टरवरच्या उत्पादनाशी ताडून पाहा. निर्यातीचा रकाना कोरा असेल तर नेट मीटरची नोंद बिलात चढलेली नाही, असं समजा आणि बिल भरायच्या आधी महावितरणच्या उपविभागात लेखी तक्रार द्या.